गारांच्या रात्री घराचा फोटो

(टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय, ‘बर्फात, रात्री, इमारतीचा फोटो’. तो वाचून पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी आल्या आल्या विचारलं, “हे टेंभुर्णीत कोणाच्या कामाचं?” प्रश्न रास्त आहे. आधीच आपल्या गावाचं नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला सोलापूरकडची टेंभुर्णी आठवते, त्यात बर्फाचं व्याख्यान म्हटल्यावर लोक आपल्याला काश्मीरच समजायचे. (हशा)

पण आजोबा, बर्फ आपल्याकडे पडतो. वर्षातून एखाद्या वेळी पडतो, तोही कापणीच्या तोंडावर, आणि त्याला आपण गारा म्हणतो. २०१४ च्या फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चचे पहिले दोन आठवडे इथल्या कोणाला विसरायला झाले असतील असं वाटत नाही. मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र, सगळीकडे उभा गहू, हरभरा, द्राक्षं झोपली. आम्ही दोघं भाऊ लग्नाचे फोटो काढून पोट भरणारे. त्या दिवसांत एका संध्याकाळी आमच्या मावशीच्या शेतातल्या घरी होतो. गारा थांबल्या तेव्हा अंधार पडला होता, लाईट गेलेली. अंगणात घोट्याएवढा पांढरा थर. पत्र्याला भोकं पडलेली, शेडनेट फाटून खाली आलेलं, एका बाजूची मातीची भिंत फुगलेली. काका म्हणाले, “तुम्ही फोटोवाले ना? काढा मग.” आम्ही फ्लॅश लावून चाळीसेक फोटो काढले. वरून अजून बारीक गारा आणि थेंब पडत होते.

सकाळी फोटो बघितले. चाळीसच्या चाळीस फोटोंत मोठे मोठे पांढरे गोळे, आणि त्यांच्या मागं काळा पडदा. घर कुठंच नाही. तोवर गारा वितळून गेल्या होत्या. पाच जणांना डोक्यावर छप्पर पाहिजे म्हणून काकांनी दुपारपर्यंत जुने पत्रे उतरवून शेजाऱ्याकडचे टाकले. पंचनाम्याला माणूस आला तो काही दिवसांनी. त्यानं नीट केलेलं छप्पर बघितलं, आमचे फोटो बघितले आणि विचारलं, “यात घर कोणतं?” त्याच्यावर राग काढायचं कारण नाही. लग्नात अंधाऱ्या मांडवात नवरीच्या नथीतला मोती दाखवणारे आम्ही, पण मावशीचं घर आम्हाला दाखवता आलं नाही. आजचं व्याख्यान त्या रात्रीवर आहे असं समजा.

आता कॅमेऱ्याचा स्वभाव समजून घेऊ. मोबाईल असो की मोठा कॅमेरा, त्याच्यात एक प्रकाश मोजणारं यंत्र असतं. आम्ही त्याला मीटर म्हणतो. या मीटरची एक ठाम समजूत आहे: समोर जे काही आहे ते सरासरीनं मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं आहे. माती, झाडं, माणसाची कातडी, विटा, यांचं एकत्र गणित घातलं तर ही समजूत बहुतेक वेळा चालून जाते. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो. मीटरला वाटतं, अरे, इथं उजेड फारच झाला, आणि तो फोटो अंधारा करतो. पांढराशुभ्र बर्फ राखेसारखा दिसतो. लग्नात हेच होतं. नवरदेवाचा पांढरा कुर्ता जवळून घेतला की मळका दिसतो, मग घरचे म्हणतात धोब्यानं वाट लावली. धोब्याची चूक नसते. बर्फाचे देखावे काढणारे म्हणून मीटर जे सांगेल त्याच्यापेक्षा एक ते दोन स्टॉप उजेड मुद्दाम वाढवतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दोन म्हणजे चौपट.

एवढंच असतं तर सोपं होतं. पण रात्री उलटं संकट येतं. चौकटीत अर्धं काळं आभाळ असतं. मीटर त्या काळ्यालाही राखाडी करायला बघतो आणि उजेड वाढवत नेतो. आता घराच्या ओट्यावरचा दिवा आणि त्याखालच्या गारा पार पांढऱ्या होऊन जळतात, त्यांच्यातला दाणा न् दाणा दिसायचा तो एकजीव होतो. म्हणजे खालचा बर्फ मीटरला एकीकडं ओढतो, वरचं आभाळ दुसरीकडं. कोण जिंकेल हे चौकटीत कोण जास्त जागा खातं यावर ठरतं. म्हणून रात्री बर्फात ‘ऑटो’वर भरवसा ठेवायचा नाही.

करायचं काय? मोबाईलवर ज्या भिंतीचं नुकसान दाखवायचंय त्या भिंतीवर बोट ठेवा आणि दाबून धरा, म्हणजे मोजमाप तिथं बांधलं जातं. शेजारी सूर्यासारखं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवून गारा पांढऱ्या पण दाणेदार दिसतील तिथं थांबवा. आपल्या गारा काही शिमल्याचा बर्फ नव्हे. त्यात चिखल असतो, कडुलिंबाचा पाला असतो, काही गारा काचेसारख्या पारदर्शक असतात, तर ज्यांच्यात हवेचे बुडबुडे अडकलेत त्या दुधाळ. त्यामुळं आमच्या अनुभवात गारांना एक स्टॉपच्या आसपास वाढ पुरते. आभाळ काळं राहिलं तर राहू द्या. रात्र आहे, काळंच असणार.

सराव करायला गारांची वाट बघायची गरज नाही. आपल्याकडं पांढऱ्याची कमी आहे का? जिनिंगच्या आवारात रात्री दिव्याखाली कापसाची गंजी लागलेली असते, तिचा फोटो काढून बघा. चुन्यानं रंगवलेलं देऊळ आहे. आणि छत्रपती संभाजीनगरला गेलात तर संध्याकाळी बीबी का मकबरा बघा. १७ व्या शतकात औरंगजेबाचा मुलगा आझम शाह याच्या आईसाठी, दिलरस बानू बेगमसाठी बांधलेला. घुमट संगमरवराचा, बाकी बरंचसं काम पांढऱ्या गिलाव्याचं. दिवे लागल्यावर त्याचा फोटो काढला की कधी तो राखाडी येतो, कधी भुतासारखा पांढरा. त्याला नीट पांढरा करता आलं की गारा जमल्याच म्हणून समजा.

आता आमच्या त्या चाळीस फोटोंची चूक. पडणाऱ्या गारांत फ्लॅश का मारू नये? उजेडाचा नियम असा की अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट होतो. तिप्पट झालं की नववा हिस्सा. आता गणित करा. एक थेंब किंवा गार तुमच्या मोबाईलपासून अर्ध्या मीटरवर आहे, घर आहे दहा मीटरवर. अंतर वीसपट. म्हणजे घराच्या भिंतीला जेवढा उजेड मिळतो त्याच्या चारशे पट त्या थेंबाला मिळतो. चारशे पट! शिवाय तो थेंब इतका जवळ की कॅमेऱ्याला तो नीट फोकस करता येत नाही, म्हणून तो फुगून रुपयाएवढा गोळा दिसतो. मोबाईलचा फ्लॅश तसाही दोन-तीन मीटरच्या पुढं फार काही करत नाही. काश्मीर-लडाखला फौजेत असलेली आपली पोरं रात्रीचे बर्फाचे फोटो पाठवतात, त्यातही हेच गोळे असतात. घरच्यांना वाटतं केवढा मोठा बर्फ पडतोय.

मागच्या बाकावरून विचारणा आहे की मग पडणारा बर्फ रात्री दाखवतात ते कसं. बघा, इथं आधी ठरवावं लागतं: पडणारा दाखवायचा की पडलेला. दोन्ही एकदम जमत नाही. हिमाचे भुरके हळू येतात, सेकंदाला मीटर-दीड मीटर. शटर एक-पंधरांश सेकंद उघडं ठेवलं तर त्यांच्या बोटभर रेघा उठतात, छान दिसतात. गारा तशा नाहीत. दोन-अडीच सेंटिमीटरची गार सेकंदाला दहा मीटरच्या पुढं जाते. तेवढ्याच वेळात ती हातभर खाली आलेली असते. आणि शटर दोन-चार सेकंद उघडं ठेवलं तर ती फोटोतून गायबच होते, कारण एका जागी ती थांबतच नाही.

न्यूयॉर्कचा आल्फ्रेड स्टिगलिट्झ नावाचा मोठा छायाचित्रकार होऊन गेला. २२ फेब्रुवारी १८९३ ला हिमवादळात फिफ्थ ॲव्हेन्यूवर तो तीन तास उभा राहिला, मनासारखी घोडागाडी समोर येईपर्यंत. तो फोटो दिवसाचा, पडणाऱ्या बर्फाचा. पुढं १८९८ मध्ये त्यानं ‘आयसी नाइट’ काढला, तो रात्रीचा, जमिनीवर पडून राहिलेल्या बर्फाचा. झाडं, दिवे आणि पांढरी वाट, बस. त्याच्याकडं काचेच्या प्लेटा होत्या, आपल्याकडं खिशात मोबाईल आहे, पण निवड तीच आहे. आपल्याला नुकसान दाखवायचंय ना? मग पडलेला दाखवायचा. थांबेपर्यंत थांबायचं.

थांबायचं याला दुसरंही कारण आहे, आणि ते फोटोपेक्षा मोठं आहे. गारा विजांच्या ढगातून येतात. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून निदान अर्धा तास बाहेर पडू नका. तुटलेली तार पाण्यात पडलेली असू शकते, लाईट गेलेली असली तरी ती कधी येईल सांगता येत नाही. पत्र्याच्या शेडच्या लोखंडी खांबाला हात लावू नका. फोटोसाठी माळवदावर तर अजिबात चढू नका, ओली माती आणि वर गारांचं ओझं, ते माळवद तुमचं वजन घेईलच असं नाही.

बरं, फ्लॅश बंद केला. लाईट नाही. उजेड आणायचा कुठून? इथं बर्फ स्वतः मदत करतो. एरवी काळी जमीन उजेड गिळते. पांढरा थर असला की एका कंदिलाचा उजेड खालून वर भिंतीवर परत येतो. हिमाच्या प्रदेशात रात्र उजळ का वाटते त्याचं कारण हेच. आपल्याला एक चांगली टॉर्च पुरते, पण ती कॅमेऱ्याजवळ धरायची नाही. दुसऱ्या माणसाच्या हातात द्या आणि त्याला भिंतीच्या एका टोकाला, भिंतीला जवळपास चिकटून उभं करा, म्हणजे उजेड भिंतीवरून घासत जाईल. समोरून उजेड टाकला की सगळं सपाट दिसतं. बाजूनं घासत टाकला की पत्र्यावरचा प्रत्येक पोचा सावली टाकतो, मातीचा पडलेला पोपडा दिसतो, गारांचा ढीग किती उंच आहे ते कळतं. शिलालेख वाचणारी मंडळी हीच युक्ती करतात. दुपारच्या उन्हात जो दगड कोरा वाटतो त्याच्यावर तिरका उजेड टाकला की अक्षरं उठून दिसतात. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या: टॉर्च बाजूला.

रात्रीचा फोटो म्हणजे शटर जास्त वेळ उघडं, म्हणजे हात हलला की गेलं. मोबाईलची ‘नाइट मोड’ काय करते? एकामागून एक बरेच फोटो काढते आणि एकमेकांवर बसवते. हात हलला तर ते बसत नाहीत. तिपाई नसली तर ज्वारीचं अर्धं पोतं ओट्याच्या कठड्यावर ठेवा, त्यात मोबाईल खोवा, टायमर तीन सेकंदांवर ठेवा आणि हात काढून घ्या. एक सांगून ठेवतो, नाइट मोड दाणे पुसून गुळगुळीत करते. गारा खिरीसारख्या दिसायला लागल्या की समजा उजेड कमी पडतोय. मग मोबाईलशी झटापट करू नका, टॉर्च आणखी जवळ न्या.

रंगाचं थोडक्यात सांगतो. जुना पिवळा बल्ब असला तर बर्फ केशरी, पांढरी एलईडी असली तर निळसर, दोन्ही असले तर अर्धा असा अर्धा तसा. हे नंतर बऱ्यापैकी सुधारता येतं. फक्त रस्त्यावरचे ते जुने पिवळेजर्द सोडियमचे दिवे सोडून. सोडियमचा उजेड जवळजवळ एकाच रंगाचा असतो. ज्या उजेडात लाल-हिरवं नाहीच, त्यातून लाल-हिरवं काढणार कुठून? नुकसानीच्या फोटोत रंगाची फार फिकीर करू नका. दिवा स्वतः चौकटीत येत असेल तर मात्र त्याला खांबाआड किंवा झाडाआड लपवा, नाहीतर त्याची चमक निम्मं घर खाते.

आता मुद्दा भिंतीचा. मोबाईल वर कलवून फोटो काढला की धडधाकट घरही मागं पडल्यासारखं दिसतं. पुण्या-मुंबईतल्या उंच इमारतींचे फोटो आठवा. आपल्याकडं भिंत खरोखरच कललेली असते आणि बघणारा म्हणू शकतो, तुम्हीच फोन वाकडा धरला. यावर उपाय गवंड्याकडं आहे. ओळंबा. भिंतीच्या वरच्या टोकाला खिळा असेल तिथून ओळंबा सोडा, नसला तर दोरीला दगड बांधा, आणि तो चौकटीत घ्या. ओळंब्याची दोरी खोटं बोलत नाही. ती सरळ आणि भिंत तिच्यापासून चार बोटं बाहेर, हे एका फोटोत दिसलं की विषय संपला. मावशीच्या फुगलेल्या भिंतीसमोर आम्हाला हे सुचलं नव्हतं. सुचवलं ते पुढं एका गवंडीकाकांनी, चहा पिता पिता.

गारेचं मापही तसंच. वर्तमानपत्रात येतं बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी. आता लिंबू कोणाच्या बागेतलं? गारेशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं आणि देशभर सारखंच. पट्टी असली तर आणखी चांगलं. आणि हा फोटो सगळ्यात आधी काढा, कारण वितळते ती गार. घर सकाळपर्यंत तिथंच असतं.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, “फोटो किती आणि कोणते काढायचे?” ताई, आम्ही लग्नात करतो तेच. आधी पूर्ण मांडव, मग स्टेज, मग चेहरा. इथं आधी लांबून घर, आणि त्याच्यासोबत जागा ओळखता येईल अशी काहीतरी खूण: पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ, विहीर, घरावरचा नंबर. मग एकेक बाजू. मग जवळून पत्रा, भिंत, धान्याची कणगी, जनावराचा गोठा. नुसता जवळून काढलेला फुटका पत्रा कोणाचाही असू शकतो. लांबच्या फोटोशी त्याची साखळी जुळली पाहिजे. सकाळी उजेडात त्याच जागांवर उभं राहून परत काढा. रात्रीच्या फोटोत गारा, सकाळच्या फोटोत भोकं, दोन्ही एकमेकांची साक्ष देतात.

आणि मूळ फोटो हलवू नका, कापू नका, त्यावर फुलं-नावं टाकू नका. फोटोच्या फाईलमध्ये तारीख, वेळ, आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि ही नोंद गळून जाते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाईल जाते. पीक विम्यात बरीच वर्षं गारपिटीची खबर ७२ तासांत द्यायची अट होती. हे नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचा नियम पेरणीच्या वेळीच सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून ठेवा. घराचं आणि पिकाचं काम वेगळ्या वाटांनी जातं, तेव्हा फोटोही वेगळे ठेवा. फोटोनं पंचनामा होत नाही. पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत छप्पर उघडं ठेवून बसावं लागत नाही, एवढं नक्की. आमच्या काकांना त्या दिवशी दोन्हींतलं एक निवडावं लागलं होतं.

काचेवर वाफ धरते ते राहिलंच. गारांनंतर बाहेर हवा एकदम गार होते. फोन बाहेर थंड झाला आणि तुम्ही चूल पेटलेल्या घरात आलात की काचेवर दव जमतं. पुसायला घाई करू नका, पुन्हा जमेल. हिमात काम करणारे कॅमेरा आत आणण्याआधी पिशवीत घट्ट बंद करतात आणि तो घराएवढा गरम झाल्यावरच बाहेर काढतात. आपण प्लॅस्टिकची पिशवी वापरू. थंडीत बॅटरीही लवकर दम टाकते, म्हणून फोटो काढायचे नसतील तेव्हा फोन बंडीच्या आतल्या खिशात ठेवा.

शेवटची चिठ्ठी. “टॉर्चची बॅटरी संपली आणि लाईट नाही, तर?” दादा, तुमच्याकडं ट्रॅक्टर आहे का? आहे म्हणतात. मग तो घरासमोर सरळ उभा करू नका, कोपऱ्यावर तिरका लावा, भिंतीच्या रेषेत. हेडलाईट लावा, पण इंजिन बंद करा, नाहीतर जमिनीतून हादरे ओट्यापर्यंत येतात आणि पोत्यातला मोबाईल हलतो. बॅटरी उतरायच्या आत पाच-सात फोटो होतात. पहिला गारेचा.